नाही आत्या, नव्हती घेतली

नवरात्रातली दुसरी माळ होती. घटाच्या काळ्या मातीला अजून ओला वास होता, धान्य फुटलं नव्हतं, आणि मी देवघरासमोर बसून दोऱ्यात झेंडू ओवत होते. तेवढ्यात कऱ्हाडच्या आत्यांचा फोन आला. नात्यानं त्या सासऱ्यांच्या बहीण, पण सगळं घर त्यांना आत्याच म्हणतं. हात गुंतलेले होते म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवला. घट बसले का, तेलवात नीट चाललीय का, पाऊस थांबला का, असं नेहमीचं बोलणं झालं आणि मग त्या जरा थांबल्या. मागे त्यांच्या टीव्हीवर कुणीतरी मोठ्या आवाजात बातम्या सांगत होतं. "अगं, आत्ता दाखवतायत बघ," त्या म्हणाल्या. "अमेरिकेचा तो अध्यक्ष सांगतोय, गरोदरपणात तापाची गोळी घेतली की मुलं अशी होतात. तू घेतली होतीस का गं तेव्हा?"

"नाही आत्या, नव्हती घेतली."

घेतली होती. २०१२ चे गणपती होते, मला सातवा महिना होता. गौरी जेवायच्या आदल्या दिवशी अंगात कणकण आली आणि रात्री ताप एकशे तीनवर गेला. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, ताप अंगावर काढू नका, बाळाला तो चांगला नाही, पॅरासिटामोल घ्या. दोन दिवसांत मिळून पाच गोळ्या घेतल्या असतील. आठवायला प्रयत्नसुद्धा करावा लागला नाही. पाणी कोमट होतं, गोळी घशात अडकली होती, बाहेर आरतीच्या झांजा वाजत होत्या आणि पोटात त्यानं लाथ मारली होती. तेरा वर्षांपूर्वीच्या पाच गोळ्या मला इतक्या स्वच्छ आठवतात, याचा अर्थ ही साक्ष मी कधीपासून तयार ठेवली असणार. आणि वेळ आली तेव्हा खोटं बोलले.

तेही कारण नसताना. आदल्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ ला, ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत जे सांगितलं ते मी सकाळीच वाचलं होतं. तिकडे टायलेनॉल म्हणतात ती आपली पॅरासिटामोलच. तिच्यामुळे मुलांना ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता होते, म्हणून गरोदर बायकांनी ती घेऊ नये, सहन करावं, असं ते म्हणाले होते. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमधला अभ्यास प्रसिद्ध झालेला होता, तोही मला ठाऊक होता. १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेली सुमारे पंचवीस लाख मुलं त्यात पाहिली होती. त्यातली सख्खी भावंडं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे आई तीच, घर तेच, एका वेळी गोळी घेतलेली आणि एका वेळी न घेतलेली, तेव्हा गोळीचा आणि ऑटिझमचा संबंध उरलाच नाही. पुढे, ट्रम्प बोलल्याच्या दोनच दिवसांनी, जागतिक आरोग्य संघटनेनंही ठोस पुरावा नसल्याचं सांगितलं. पण स्वीडनचं तर मी आत्यांना त्याच वेळी तीन वाक्यांत सांगू शकले असते. या विषयावरची प्रत्येक बातमी मी वाचते, कात्रणांची फाईल आहे, फोनमध्ये वेगळा फोल्डर आहे. तरी तोंडातून निघालं ते हेच. नव्हती घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दात घासत होता. नळ चालू, तोंडात फेस, नजर आरशाच्या कोपऱ्यात. आणि माझ्याच आवाजात, माझ्याच त्या किंचित घाईच्या सुरात तो म्हणाला, "नाही आत्या, नव्हती घेतली."

माझा मुलगा असा बोलतो. ऐकलेलं वाक्य तो जसंच्या तसं उचलतो, आवाजाच्या चढउतारासकट, मधल्या श्वासासकट. एकोलालिया म्हणतात याला. सुरुवातीला आम्हाला हे नुसतं पोपटपंची वाटायचं आणि थेरपीत ते मोडून काढायचा प्रयत्नही झाला. पुढे एका चांगल्या स्पीच थेरपिस्टनं समजावलं की तो वाक्य उचलतो ते रिकामं उचलत नाही, ते जेव्हा ऐकलं तेव्हाची सगळी खोली त्यात भरून उचलतो. पोटात दुखलं की तो म्हणतो, "कडू आहे, पण पटकन गीळ." आनंद झाला की मिरज स्टेशनवरची घोषणा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." भीती वाटली की माझ्या आईचं, "अरे देवा, लाईट गेली का?" मग या नव्या वाक्यात त्यानं काय भरलं होतं? दिवसातून दहादा, वीसदा तो ते म्हणायला लागला. वरणभात खाताना, चपला घालताना, रात्री पंख्याकडे बघत. प्रत्येक वेळी मला माझा आवाज ऐकू यायचा आणि त्या आवाजात काहीतरी लपवणाऱ्या माणसाची घाई स्पष्ट कळायची. फोनवर आत्यांना ती कळली नसेल. त्यानं मात्र बरोबर टिपली होती.

स्टेशनाचं सांगायलाच हवं. आम्ही मिरजेत राहतो, जंक्शनपासून चालत पंधरा मिनिटांवर. दर रविवारी संध्याकाळी तो आणि मी फलाट तिकीट काढून बाकावर बसतो. गाडी येते, माणसं उतरतात, चहावाले ओरडतात, ब्रेकचा तो लोखंडी वास पसरतो, आणि घरी कुकरच्या शिट्टीला कानात बोटं घालणारा हा मुलगा तिथं शांत बसून असतो. गाडी कधी येणार, कुठून येणार, किती वेळ थांबणार हे सगळं आधी सांगितलेलं असतं, म्हणून असेल. आलेली गाडी सुटून शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तिथून हलायचं नाही, हा त्याचा नियम. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी मात्र आम्ही गावात थांबतच नाही. कमानी, रोषणाई, रात्र उलटून दुसरा दिवस उजाडला तरी चाललेली ती मिरवणूक लोक लांबून बघायला येतात. आम्ही माझ्या माहेरच्या शेतात जाऊन राहतो.

त्याचा कान असा का आहे, कोणता आवाज त्याला चावतो आणि कोणता कुशीत घेतो, हे मला आजही पुरतं कळलेलं नाही. तो सहा वर्षांचा असताना एकदा सतारमेकर गल्लीतून जात होतो. एका दुकानात पंढरपूरकडून आलेले मोठाले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसलेले. घोडीवरून तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. याची पावलं थांबली. मी हात ओढला, तो हलेना. मग सरळ आत जाऊन त्यानं भोपळ्याला कान लावला. मी माफी मागायला पुढे झाले तर त्या आजोबांनी मला हातानंच थांबवलं आणि षड्ज छेडला. पुन्हा छेडला. चाळीस मिनिटं आम्ही तिथं होतो. मी दारात उभी होते, पिशवीतली मेथी कोमेजत होती, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला घाई नव्हती. निघताना आजोबांनी काही विचारलं नाही. काय झालंय याला, बोलतो का, औषध चालू आहे का, काहीच नाही. फक्त म्हणाले, "आणत जा."

लोक विचारतात ते बहुतेक एकच असतं. कशामुळे झालं?

तो दीड वर्षाचा असताना येत असलेले चार शब्द गेले. नाव घेतलं तरी वळून बघेना. खेळातली मोटार उलटी करून तिची चाकं तासन्‌तास फिरवायचा. घरात सगळे म्हणायचे, मुलगे उशिराच बोलतात, याच्या मामाला विचार. मग कानाची बेरा चाचणी झाली, कान उत्तम निघाले. मग पुण्याच्या फेऱ्या, पहाटेची गाडी, आणि तिसरं संपता संपता निदान. त्या दिवसापासून आमच्या घरात "कशामुळे" हा शब्द पाहुण्यासारखा मुक्कामाला आला. कुणी म्हणालं, ती गोवराची लस दिलीत ना, त्यानंच. ज्या शोधनिबंधावरून ही अफवा उठली तो १९९८ सालचा होता, त्यात जेमतेम बारा मुलं होती, आणि २०१० मध्ये नियतकालिकानं तो मागेही घेतला होता. आमचा मुलगा जन्मला त्याच्या दोन वर्षं आधी. तरी ती अफवा आमच्या दिवाणखान्यापर्यंत चालत आली, सोफ्यावर बसली, पोहे खाऊन गेली. कुणी म्हणालं मोबाईल. कुणी म्हणालं आई नोकरी करत होती, बाळाशी बोलायला घरात कोण होतं? हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी मी खरंच शाळेत रुजू झाले होते.

या आरोपाचा इतिहास मी नंतर वाचला आणि वाचताना हात गार पडले. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची वर्णनं लिहिली, तिथून ऑटिझमला आजचा अर्थ मिळाला. त्यांनीच पुढे लिहिलं की या मुलांचे आईबाप भावनाशून्य दिसतात, जणू मुलांना फ्रिजमध्ये ठेवलंय. त्यातून "फ्रिजसारख्या थंड आया" हा शब्दप्रयोग वीस-पंचवीस वर्षं चालला. मुलं आयांपासून तोडून ठेवण्यात आली, बायकांना सांगण्यात आलं की तुम्हाला हे मूल मनातून नकोच होतं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, याचं मूळ शरीरात आहे असं साधार मांडलं. १९७७ मध्ये जुळ्यांचा अभ्यास आला आणि आनुवंशिकतेकडे बोट गेलं. त्याआधी १९६९ मध्ये कॅनर पालकांच्या एका सभेत उभे राहिले आणि म्हणाले, मी तुम्हाला दोषमुक्त करतो. सभेतल्या कुणा आईला त्या रात्री कशी झोप लागली असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. तिला हायसं वाटलं असेल, की आपल्यावर खटला भरला कुणी आणि सोडणारे हे कोण, असा राग आला असेल?

त्या अकरांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातला. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना भेटण्याआधी तेहतीस पानांचं पत्र लिहिलं होतं. हे वाचल्यावर मी उठून कपाटातली माझी वही काढली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. केव्हा झोपला, केव्हा उठला, काय खाल्लं, कशाला घाबरला, कोणता शब्द आला, कोणता गेला. त्यात मध्येच आठ महिन्यांची नोंद आहे, "गहू बंद, दूध बंद". कुणीतरी सांगितलं म्हणून त्याची पोळी तोडली, दहीभात तोडला, आणि त्याचं जगात जे चार पदार्थांवर प्रेम होतं त्यातले दोन मी हिरावून घेतले. तो फ्रिजसमोर उभा राहून "दही वाढू?" असं माझंच वाक्य मला ऐकवायचा. वही त्या दिवसांत फार नीट भरलेली आहे. अक्षर सुंदर आहे.

आणि स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींचा उपचार. त्यावर मी अजून मोकळेपणानं बोलू शकत नाही. तो पाच वर्षांचा असताना एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात आम्हाला रंगीत चित्रं दाखवली गेली, मेंदूचा निळा भाग पुढे लाल होतो म्हणून. खर्च काही लाख. नवऱ्यानं प्लॉट विकायचं ठरवलं होतं, इसारापर्यंत बोलणी गेली होती. सासरे आडवे आले म्हणून ते राहिलं, आणि त्यासाठी मी त्यांच्याशी वर्षभर नीट बोलले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळानं सांगितलं की ऑटिझमवर स्टेम सेलच्या उपचारांची शिफारस करता येत नाही आणि असा उपचार देणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. ती बातमी मी सासऱ्यांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, "बरं झालं," एवढंच म्हणाले. ज्यांनी घरं गहाण टाकून ते करून घेतलं, त्यांना ती बातमी कोणी वाचून दाखवली असेल आणि कशी?

बातम्यांची ही सवय जाणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये पाच हजारांवर मुलांच्या अभ्यासातून ऑटिझमचे चार गट पडतात असं आलं, तर मी रात्री दीड वाजेपर्यंत माझा मुलगा कोणत्या गटात ते शोधत होते. अमेरिकेत आता आठ वर्षांच्या एकतीस मुलांत एक, असा आकडा आला की मी त्याच्या जुन्या शाळेचे वर्ग मनात मोजते. पण मला हव्या त्या बातम्या त्यात फार थोड्या असतात. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत स्वमग्नतेला जागा दिली. प्रमाणपत्रासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे. ती चाळीस उत्तरं देताना समोरच्यानं एकदाही मान वर करून माझ्या मुलाकडे पाहिलं नाही, आणि तो सबंध वेळ टेबलाखाली बसून खुर्चीचं चाक फिरवत होता. पाच वर्षांनी तो अठराचा होईल. मग त्याचे कायदेशीर पालक म्हणून आम्हालाच जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागेल. पुढे आम्ही नसू तेव्हा रविवारी त्याला स्टेशनवर कोण नेईल, या प्रश्नावर कुणी पत्रकार परिषद घेत नाही.

डोनाल्ड ट्रिपलेट जून २०२३ मध्ये वारले. एकोणनव्वद वर्षांचे होऊन. ती बातमी मी कितीदा वाचली. बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, गाडी चालवली, एकटे देशोदेशी फिरले. घरचा पैसा होता, ती बँकच घरची होती, हे खरं. पण गावानं त्यांना आपलं मानलं होतं हेही खरं. ते कशामुळे तसे झाले हे शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही, आणि गावाला त्यावाचून अडलं नाही.

जिम सिंक्लेअर नावाच्या ऑटिस्टिक व्यक्तीनं १९९३ मध्ये टोरोंटोच्या परिषदेत पालकांना सांगितलं होतं, आमच्यासाठी शोक करू नका. माझं मूल ऑटिस्टिक नसतं तर, असं तुम्ही म्हणता तेव्हा आम्हाला ऐकू येतं ते असं, की हे मूल नसतं आणि त्याच्या जागी दुसरं असतं तर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडले होते. तुम्हाला बोलता येतं, लिहिता येतं, माझ्या मुलाला शर्टाचं बटण लावता येत नाही, तुम्ही मला काय सांगता? तो राग आजही पूर्ण गेलेला नाही. रात्री दोन वाजता तो स्वतःचं मनगट चावत असतो, माझ्या दंडावर वळ उठलेले असतात, तेव्हा हे सगळं जाऊ दे, कुणीतरी हे काढून घ्या, असंच वाटतं. पण नवरात्रात ते वाक्य माझ्या घरात दिवसभर घुमायला लागलं आणि सिंक्लेअर यांचं म्हणणं मला वेगळ्या बाजूनं येऊन भिडलं. आम्ही दहा वर्षं "कशामुळे" वर बोलत आलो ते त्याच्या डोक्यावरून. दिवाणखान्यात, दवाखान्यात, स्पीकरवर. त्याला कळत नाही असं धरून. आणि मी जेव्हा म्हणाले की नाही, मी नाही घेतली, तेव्हा आरोप नाकारायच्या गडबडीत मी त्यालाच गुन्हा ठरवलं. शेजारच्या खोलीत तो ते ऐकत होता.

दिवाळीत आत्या भाऊबीजेला आल्या. सासऱ्यांना आता प्रवास झेपत नाही, म्हणून ओवाळायला त्याच येतात. कोयना एक्स्प्रेसनं संध्याकाळी पोहोचणार होत्या. आम्ही दोघं घ्यायला गेलो. फलाटावर गर्दी, फराळाच्या डब्यांचे, उदबत्तीचे, घामाचे वास. गाडी लागली, आत्या दारातून पिशवी आधी खाली देत उतरल्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे त्यांच्या खांद्याकडे पाहिलं, आणि स्पष्ट म्हणाला, "नाही आत्या, नव्हती घेतली."

"काय नव्हतं घेतलं रे सोन्या?" त्या हसत म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या.

मी तिथंच सांगितलं. "घेतली होती, आत्या. गणपतीत. ताप एकशे तीन होता. तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी खोटं बोलले." पुढे स्वीडनचं, पंचवीस लाख मुलांचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी माझा हात धरला. बाकावर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चहावाला दोनदा येऊन गेला. मग म्हणाल्या, "माझ्या थोरल्याचा ओठ जन्मतः फाटलेला होता, आठवतंय ना? टाके घातले पुढे सांगलीत. तेव्हा सासूबाईंनी विचारलं, ग्रहणात काय चिरलंस? मी काही म्हणजे काही चिरलं नव्हतं गं. सबंध ग्रहण पाय लांब करून भिंतीला टेकून बसले होते, सांगितलं होतं तशी. पण रोज विचारायच्या. मग एक दिवस मी म्हटलं, हो, वांगी चिरली. हो म्हटलं की विचारायचं थांबतात."

"थांबल्या?"

"विचारायच्या थांबल्या," आत्या म्हणाल्या. "सांगायला लागल्या. गावभर." त्यांनी पदरानं चष्म्याची काच पुसली. "आणि मी तुला तेच विचारलं."

तो आमच्यापासून चार पावलांवर उभा होता, डब्यावरची पाटी वाचत, डाव्या हाताची बोटं कानाजवळ हलवत. वरून घोषणा झाली आणि त्याचं अंग सैल पडलेलं मला लांबून दिसलं. आत्या उठल्या, त्याच्याजवळ गेल्या, पण हात लावला नाही. हे त्या गेल्या दोन-तीन वर्षांत शिकल्यात.

"आई तुझी म्हणते, घेतली होती," त्या त्याला म्हणाल्या.

"एक एक शून्य दोन नऊ," तो म्हणाला. गाडी हलली. आत्यांची पिशवी माझ्या हातात होती, फराळाचा डबा जड होता, रिक्षावाला बाहेर थांबला होता. शेवटचा डबा कोल्हापूरच्या बाजूला दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो.